बावन्न नंबरचा डबा

"आणखी तेल ओतलंस तर कालव्यातले मासे तळूनच वर येतील," योरिस म्हणाला.

फेन्नाने धाकट्या भावाकडे लक्षच दिलं नाही. तराफ्याची साखळी ती सकाळपासून तिसऱ्यांदा तेल लावून पुसत होती. त्याआधी तिने बागेतली सगळी टेबलं पुसली होती, डब्यांची झाकणं उघडून-लावून पाहिली होती आणि सात वेळा फाटकापाशी जाऊन रस्ता रिकामा असल्याची खात्री करून घेतली होती. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगात एवढी चुळबुळ मावते तरी कशी, असा प्रश्न तिच्या मावशीला पडला असेल, पण मावशीने तो विचारला नाही. अलाइडामावशी हल्ली कमीच बोलायची.

मावशीची कालव्याकाठची बाग म्हणजे मुलाबाळांना घेऊन सायकलवर निघालेल्या लोकांची दुपारची ठरलेली जागा. इथे खायचं, गवतात लोळायचं आणि घरी जायचं. यंदा फेन्नाने मावशीच्या मागे भुणभुण लावून सगळा बेतच बदलायला लावला होता. "शाळेत रोज चीज-पाव, सहलीलाही चीज-पाव. आम्ही मुलं आहोत की उंदीर?" असं म्हणाली होती ती. मग मटार आणि पुदिन्याची चटणी लावलेले राय धान्याचे काळपट पाव आले. बीट घातलेले लालभडक पॅनकेक आले. मित्राच्या, म्हणजे जगेशच्या, आईने शिकवलेली बटाटा आणि चवळीच्या शेंगांची रोटी आली. सगळं पत्र्याच्या डब्यात भरून द्यायचं, मुलांनी स्वतः साखळी ओढत तराफ्यावरून पलीकडच्या कुरणात जायचं आणि तिथे बसून जेवायचं. मावशीने हौसेने चाळीस डबे आणले.

आणि तीन आठवडे कुणी फिरकलंच नाही.

"या शनिवारी बघू," मावशी काल रात्री भांडी विसळताना म्हणाली होती. "नाहीच कुणी आलं, तर सोमवारी रॉटरडॅमच्या त्या कॅन्टीनला हो म्हणून टाकते. ते कधीचे नोकरीला बोलावतायत."

ती रागावली नव्हती, हीच तर पंचाईत होती. रागावली असती तर फेन्नाला भांडता आलं असतं. आता मात्र एकच विचार तिला कुरतडत होता. चीज-पाव असता तर लोक आले असते. आपण शहाणपणा केला आणि मावशीची बाग बुडवली.

"फेन्ना, एक गंमत सांगू?" योरिस बांधावर पोटावर पडून दुर्बिणीतून पक्षी मोजत होता. "सायकली येतात."

"कुठे?" फेन्ना उडालीच.

"इथे नाही गं. तिकडे, दूर. सकाळपासून नऊ कुटुंबं मोजली मी. त्या पॉपलरच्या झाडांच्या रांगेपर्यंत नीट येतात आणि मग नाहीशी होतात. पलीकडून कुणी बाहेरच पडत नाही."

"नाहीशी व्हायला ती काय तुझे पक्षी आहेत?"

"बघ ना स्वतः."

फेन्नाने दुर्बीण ओढून घेतली. लाल शिरस्त्राण घातलेलं एक छोटं मूल, पुढे पेटी असलेली आईची मोठी सायकल, मागे बाबा. कालव्यापर्यंत आले, थांबले, आणि बागेकडे वळायच्या ऐवजी पॉपलरमागे गेले. ती वाट बघत राहिली. कुणी दिसलं नाही.

"जगेशला हाक मार," ती म्हणाली. "आणि मावशीच्या सायकली काढ."

सुट्टीचे हे तीन आठवडे फेन्ना, योरिस आणि जगेश मोठ्या रस्त्याने बसमधून बागेत येत होते, त्यामुळे त्या बाजूला कुणी गेलंच नव्हतं. आता तिघं समोरून येणाऱ्या वाऱ्यात मान खाली घालून पायडल मारत निघाले. पॉपलरच्या गल्लीत शिरल्यावर आधी वास आला. मग गल्ली संपली. समोर शेणखताचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी चिखलात सायकलींच्या चाकांची वळणं, संत्र्यांची सालं, पावाच्या कडा आणि कुणाचातरी एक निळा मोजा.

"वा, काय रम्य जागा आहे!" जगेश नाक दाबून म्हणाला. "मावशींनी टेबलं इथेच मांडायला हवी होती."

गोठ्यातून एक बाई फावडं घेऊन बाहेर आल्या. "तुम्हीपण? गेले तीन आठवडे सगळा मुलूख माझं शेण बघायला येतोय. येतात, एकमेकांवर चिडतात, इथेच उभ्याने पाव खातात आणि गोठ्यामागच्या वाटेने परत जातात. सगळे मला विचारतात, बावन्न कुठंय?"

फेन्नाने सायकलचं हँडल वळवलं. बावन्न म्हणजे मावशीच्या बागेच्या फाटकापाशी असलेल्या सायकल-रस्त्याच्या खांबाचा नंबर. इकडचे लोक सहलीला निघताना सायकलच्या हँडलला कागदाची पट्टी चिकटवतात. त्यावर खांबांचे नंबर लिहिलेले असतात आणि मग डोकं न चालवता बाणांमागून जायचं. आज एकतीस ते बावन्न, की झालं.

"चला, फाट्यावरच्या बाणांच्या खांबाकडे," ती म्हणाली.

खांब कालव्याच्या काठावर होता, जिथे रस्ता दोन्हीकडे फुटतो तिथे. बागेकडे जाणारा रस्ता डावीकडे. बावन्नचा बाण ऐटीत उजवीकडे, पॉपलरच्या गल्लीकडे. आणि मागे परत जाण्याचा एकतीसचा बाण सरळ पाण्याकडे.

"एकतीसला पोहत जायचं वाटतं," योरिस म्हणाला.

खांबाच्या बुंध्याशी नवी माती होती आणि बाजूच्या चरात यंत्राच्या जाड चाकांचे वण. चर साफ करणाऱ्या यंत्राचा धक्का लागून खांब पडला असणार. चालकाने भल्या मनाने तो उचलून पुन्हा घट्ट रोवला होता, फक्त पाठ-पोट बदलून.

"म्हणजे ते आलेच नव्हते," फेन्ना हळूच म्हणाली. "त्यांनी माझे डबे नाकारले नव्हते. ते आलेच नव्हते!" तिला एकदम रडू आलं आणि हसूही. जगेशने शहाण्यासारखं पाण्याकडे बघितलं.

योरिसने खांबाला मिठी मारून जोर लावला. खांब हलला नाही, योरिसच लाल झाला. मग त्यांनी पुठ्ठ्यावर मोठा बाण काढून बांधला. वाऱ्याने तो पाच मिनिटांत कालव्यात नेला.

बागेत परतल्याबरोबर फेन्नाने ड्रोस्टकाकांना फोन लावला. या भागातले सगळे खांब वीस वर्षं तेच सांभाळत. दर महिन्याला सायकलवर फेरी मारायची आणि वहीत 'तपासले' अशी खूण करायची.

"अशक्य," ड्रोस्टकाका म्हणाले. "गेल्याच आठवड्यात तपासलाय. वहीत खूण आहे. खांब चुकत नाही मुली, माणूस चुकतो. हल्लीच्या लोकांना वाचायला नको. आणि समजा फिरला असेलच, तर पोरांनी फिरवला असेल. खांबाला हात लावाल तर याद राखा. तक्रारीचा फॉर्म भरा, तीन आठवड्यांत बघतो."

फोन बंद झाला. मावशीने सगळं ऐकलं होतं. "जाऊ दे, बाळा," ती म्हणाली आणि फडकं घडी करून ठेवलं. त्या घडीकडे बघून फेन्नाला बसवेना. ती दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"तीन आठवडे! आणि मावशीकडे दोन दिवस आहेत. त्यांना तिथे आणायलाच हवं, डोळ्यांनी दाखवायला हवं."

"ते येणार नाहीत," योरिस म्हणाला.

"आपण बोलावलं तर नाही येणार," जगेश म्हणाला. "जेवणाने बोलावलं तर येतील." बोलण्यात जगेशचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि फोन उचलला.

"नमस्कार ड्रोस्टकाका, मघाच्या मुलीचा मित्र बोलतोय. तुमचंच खरं असणार. लोकांना वाचताच येत नाही. म्हणून आम्ही एक प्रयोग करतोय. उद्या तुमच्या नातीला, पीनला, घेऊन या, साडेबाराला, बावन्नवर जेवायला. पहिले डबे तुम्हा दोघांचे. फक्त एकतीसपासून पीनने खांब वाचत पुढे जायचं आणि तुम्ही रस्ताभर एक शब्द बोलायचा नाही. सात वर्षांच्या मुलीला जमलं, तर चूक लोकांचीच ना?"

"बरोब्बर!" ड्रोस्टकाका खूश झाले. "उद्या दाखवतोच."

फेन्नाला त्या रात्री झोप लागली नाही. शुक्रवारी बारापासून तिघं खांबाजवळच्या झुडपामागे बसले होते, मांडीवर डबे घेऊन. फेन्ना दर मिनिटाला मान वर काढायची आणि योरिस ती खाली दाबायचा.

"ते बोलले तर? डावीकडे वळले तर?"

"तर आपण तिघं डबे खाऊ," जगेश म्हणाला.

आले. पुढे पीन, दोन वेण्या उडवत, मागे विजेच्या सायकलवर ताठ बसलेले ड्रोस्टकाका. पीन खांबापाशी थांबली, पट्टीवरचा आकडा बोटाने वाचला.

"बावन्न. उजवीकडे."

"पीन, डावी—"

"आजोबा! बोलायचं नाही ठरलंय. आणि खांब चुकत नाही, तुम्हीच म्हणता." एवढं बोलून ती उजवीकडे सुटलीसुद्धा.

ड्रोस्टकाका खांबाकडे बघतच राहिले. एकतीसच्या बाणाकडे बघितलं, बाणापुढच्या पाण्याकडे बघितलं. तोवर नात पॉपलरमागे गेली होती. तेही तिच्यामागे गेले आणि त्यांच्यामागून झुडपातले तिघं.

शेणाच्या डोंगरापाशी पीन एका पायावर सायकल टेकवून उभी होती. "आजोबा," ती नाक मुरडत म्हणाली, "जेवण यातच आहे का?"

"या," गोठ्यातल्या बाई म्हणाल्या. "आज तुम्ही सहावे."

फेन्नाने या क्षणासाठी रात्रभर चार खरमरीत वाक्यं तयार केली होती. पण ड्रोस्टकाका सायकलवरून उतरले ते एक पाय हळूच, सांभाळून टेकवत, आणि ती वाक्यं तिच्या तोंडातच राहिली.

"गुडघा," ते म्हणाले. "थंडीपासून गेलाय. एवढी फेरी होत नाही आता. आजही हे एवढं माझ्याच हट्टापायी आलो. वहीतल्या खुणा... मी स्वयंपाकघरात बसून केल्या." मग नातीकडे न बघता फेन्नाला म्हणाले, "मुली, तुझ्या मावशीचे तीन आठवडे मी घालवले."

"हो, घालवलेत," फेन्ना म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. मग तिने डबा पुढे केला. "पण आधी जेवा. इथे नको, वास येतो."

जेवण खांबापाशीच झालं. चाळीस वर्षं दुपारी दोन चीज-पाव खाणाऱ्या ड्रोस्टकाकांनी रोटी दोन बोटांनी उचलली, हुंगली, आणि नंतर पीनच्या डब्यातलीही अर्धी संपवली. मग पिशवीतून मोठा पाना काढला, बुंध्याचा बोल्ट ढिला केला आणि म्हणाले, "आता लावा हात." चौघांनी मिळून खांब फिरवला. एकतीस जमिनीवर आलं, बावन्न बागेकडे वळलं.

शनिवारी साडेअकराला फेन्ना फाटकापाशी आठव्यांदा गेली आणि तिथेच थांबली. रस्त्याच्या टोकाला लाल शिरस्त्राण दिसत होतं. त्यामागे आणखी दोन सायकली, मग आणखी. गुरुवारचंच कुटुंब होतं ते, पट्टीवर पुन्हा तेच आकडे लिहून आलेलं.

एकपर्यंत तराफ्याला उसंत नव्हती. मुलं साखळीला लोंबकळत होती, "माझी पाळी" म्हणून भांडत होती, एकाचा बूट पाण्यात पडला. चाळीस डबे संपले तेव्हा मावशीने घरातले बिस्किटांचे डबे रिकामे करून आणले. कॅन्टीनचा फोन मध्येच वाजला. "आज नाही हो, सोमवारीही नाही," मावशी खांद्याने फोन दाबून रोटी गुंडाळत म्हणाली. "माझे हात भरलेत."

दुपारी ड्रोस्टकाका पीनसह आले, या खेपेला डावीकडून. त्यांनी सगळ्यांसमोर आपली वही फेन्नाच्या हातात ठेवली आणि वर पाना ठेवला. "वीस वर्षं खांब सांभाळून मला जे दिसलं नाही ते या पोरांनी एका दिवसात पाहिलं," ते म्हणाले. "माझ्या भागाची फेरी आता यांची. खूण करायची ती खांबापाशी उभं राहूनच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. योरिसने दुर्बिणीआड तोंड लपवलं, जगेशने मात्र वाकून नमस्कार केला.

मावशीने फेन्नाला जवळ ओढलं. "तुझं ऐकलं ते बरं केलं," ती म्हणाली. "आणि तू घरात बसून रडली नाहीस, तेही."

संध्याकाळी डबे धुताना फेन्नाच्या लक्षात आलं, सोळा डब्यांत लाल पॅनकेक तसेच परत आले होते. एकावर छोट्या दातांची खूण होती आणि शेजारी कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे नको. रोटी हवी.'

"बीट बाद," योरिस म्हणाला. "वाईट वाटलं?"

फेन्नाने तो कागद पुन्हा वाचला. कुणीतरी इथवर आलं होतं, डबा उघडून, चावून, मग नको म्हणालं होतं. तिने कागद नीट घडी करून ड्रोस्टकाकांच्या वहीत ठेवला आणि पुढचा डबा धुवायला घेतला.