वायपरचा नॉब

जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवरचे नॉब काढायला ताकद नाही, सबुरी लागते. हेडलाइटचा नॉब पूर्ण बाहेर ओढायचा, खालच्या बारीक भोकात तार घालून आतली कळ दाबायची, की तो सुटून हातात येतो. बाकीच्यांना बाजूला इवलासा स्क्रू असतो. पस्तीस वर्षं मी हेच करतोय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सैल वायरिंगवर आहे.

हा ट्रक माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. चार महिन्यांपूर्वी भर दुपारी, मुसळधार पावसात तो पुलाच्या कठड्याला धडकला. ट्रकला फारसं काही झालं नाही. दादा गेला. डॅशबोर्डवरची, वायपर चालू करायची दांडी उघडी होती. तिच्यावरचा नॉब कुठेच सापडला नाही. आता वहिनीने ट्रक विकायला काढला होता आणि घेणाऱ्याला नवा डॅशबोर्ड हवा होता.

दादा मला ‘उद्या’ म्हणायचा. नॉब सैल झालाय म्हणून तो माझ्या गॅरेजात ट्रक घेऊन यायचा आणि मी मान वर न करता म्हणायचो, “उद्या बघू.” मग तो भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरच्या गठ्ठ्यातून दुसऱ्या दिवसाचं पान टरकन फाडायचा. “घे, तुझा उद्या मीच घेऊन चाललो!” पानाची घडी नॉबच्या पोकळीत कोंबून नॉब घट्ट बसवायचा आणि हसत निघून जायचा. वायपरचा नॉबही त्याने असाच बसवला होता, धडकेच्या आदल्या दिवशी. स्क्रू घालणं माझं काम होतं. पाच मिनिटांचं.

वहिनीला मात्र मी सांगितलं, नॉब मी स्वतः पक्का बसवला होता. तेव्हापासून तिच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही.

सकाळी बॅटरी काढून ठेवली, वायपरच्या उघड्या दांडीला फडकं अडकवलं आणि कामाला लागलो. हीटरचा नॉब निघाला, आतून घडी पडली. तीन वर्षांपूर्वीची तारीख. हेडलाइटच्या नॉबमध्ये दुसरी, पंख्याच्या नॉबमध्ये तिसरी. माझे सगळे उद्या त्याने जपून ठेवले होते. ती पानं मी सीटवर ओळीने मांडली आणि मला रडू आवरेना. दादाशिवाय मला कोण होतं?

डोळे पुसायला फडक्याकडे हात नेला. फडकं दांडीवर नव्हतं. ते सीटवर होतं, नीट चौकोनी घडी घातलेलं.

दांडीवर नॉब होता.

मी इकडेतिकडे पाहिलं. गॅरेजात कोणी नव्हतं. बाहेर कडक ऊन होतं.

नॉबला हात लावला. ओला होता.

ओढल्याबरोबर निघाला. आत घडी होती, तीही ओली.

“भाऊजी, झालं का?”

वहिनी दारात उभी होती. मी घडी मुठीत दाबली.

“होतच आलंय.”

“एक विचारू? खरं सांगाल?” ती जवळ आली. “तो नॉब तुम्हीच बसवला होता ना? नाही, आदल्या दिवशी हे घरी येऊन हसत होते. म्हणाले, उद्याने आजही उद्याच केलं. माझ्या डोक्यातून ते जात नाही हो. काय असेल ते सांगा. रागावणार नाही मी. पण चार महिने झोप नाही मला.”

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पाच मिनिटांचं काम.

“उद्या येतो घरी,” मी म्हणालो. “उद्या सांगतो, वहिनी.”

ती “बरं” म्हणाली आणि पदराने डोळे टिपत निघून गेली.

मूठ उघडली. घडी उलगडली. त्या पानावर उद्याची तारीख होती. या वर्षीची.

मी भिंतीपाशी गेलो. कॅलेंडरवर आजचं पान जागच्या जागी होतं. ते उचलून पाहिलं.

खाली परवाचं होतं.