दोन घरांचा जामून

सकाळी सकाळी माझ्या शिलाई मशीनसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलानं माखलेला, केसांवर श्रावणातली भुरभुर… आणि नजर माझ्या उंबऱ्यावर.

"ताई, ती चप्पल माझीय."

आता बघा, माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. गल्लीतल्या धुरपताबाईंच्या सुनेच्या ब्लाऊजची एक बाही कालपासून सापडत नव्हती. घर पालथं घातलं, आईशी भांडले, पण बाही काही मिळेना. आणि त्यात हा माझ्याहून मोठा दिसणारा धडधाकट गडी मला ताई म्हणतोय!

"ताई कुणाला म्हणता हो? आणि तुमची चप्पल मी काय चोरून आणली का?"

"तसं न्हाय म्हणलो मी… पण ती तुमच्या दारात कशी आली?"

"मला काय म्हाईत! रोज काहीतरी येतंय. परवा डब्याचं झाकण आलं, काल टॉवेल आला. कोण टाकतंय ते सापडू दे एकदा, मग बघते त्याच्याकडं."

"टॉवेल निळा हाय? कोपऱ्याला फाटलेला?"

टॉवेल निळाच होता, आणि त्यानं मी सकाळीच मशीन पुसली होती.

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं आणि मग ओठांवर, हे मी तेव्हाच पाहिलं, उगाच खोटं कशाला बोलू? मग त्यानं खिशातून नीट घडी केलेली मोरपंखी रंगाची बाही काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली.

"मग ही तुमची असंल. आमच्या दारात आलती."

तेवढ्यात त्याच्या पायांमधून वाट काढत जामून आत आला आणि ऐटीत माझ्या पायाशी बसला. जामून म्हणजे आमचं… म्हणजे तसं कुणाचंच नसलेलं कुत्रं. आठवडी बाजारात कुणाच्या तरी मागून चुकून आलेलं. रंग पाकातून काढल्यासारखा तांबूस काळा, म्हणून जामून. मी भाकरी टाकली आणि तो राहिला.

"मामलेदार!" तो माणूस ओरडला. "तू इथं व्हय!"

"मामलेदार?"

"आमी तेच म्हणतो. रोज कुणाच्या तरी घरावर जप्ती आणतोय न्हवं का!"

हसायचं नाही असं ठरवलं होतं मी. पण हसलेच.

त्याचं नाव उत्तरेश्वर. परंड्याचा. दूध संकलन केंद्रावर नुकताच आलेला, केंद्राचा टेम्पोही तोच चालवायचा. आमच्या मागच्या ओळीत त्यानं भाड्यानं घर घेतलं होतं, आणि खरी गोम तिथंच होती. आमचं सास्तूर गाव भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं. सरळ रस्ते, सारख्या ओळी, सारखी घरं. नंतर कुणी मजला चढवला, कुणी पुढं पत्रे टाकले, पण आमचं घर आणि त्याचं घर अजून जसंच्या तसं. नव्या घरात आल्यावर एकदा माझे वडील, आण्णा, शेतातून थेट मागच्या ओळीतल्या घरात शिरले होते. पाय धुतले, भिंतीला टेकून बसले आणि "चहा टाक गं" म्हणाले. तिथल्या बाईंनी बिचारीनं घाबरून चहा टाकलाही. कप हातात आला तेव्हा आण्णांनी वर पाहिलं!

माणसाची ही तऱ्हा, तर कुत्र्याचं काय घेऊन बसलात? जामूनला ही दोन्ही दारं एकच वाटत होती. इथलं उचलायचं, तिथं ठेवायचं. त्याच्या मते तो घरातल्या घरात पसारा करत होता.

मग रोज संध्याकाळी दुधाची गाडी लावून उत्तरेश्वर दारात यायचा.

"आज काय जप्त झालं?"

"तुमचा कंगवा. आणि आमचं काय आलं?"

"मोजायची टेप." टेप देताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ टेपवर राहायची… आणि माझीही घाई नसायची.

एकदा तर तो रिकाम्या हातानं आला.

"मोजा आलाय का माझा?"

"न्हाय बा."

"न्हाय? मग येईल की. थांबतो जरा."

"दुधाच्या गाडीवर मोजे घालता तुम्ही?"

"थंडी वाजती."

"श्रावणात?"

त्याचे कान लालबुंद झाले. मी मान खाली घालून टाके घालत राहिले. टाके सगळे वाकडे आले. तसं मीही काही कमी नव्हते बरं. कापडाचे तुकडे आता मुद्दाम उंबऱ्यावर विसरायला लागले होते, तेही चांगले रंगीत, लांबूनही दिसतील असे. रात्री जेवताना आण्णा म्हणायचे, "तो दूधवाला बरा माणूस दिसतोय." मी म्हणायची, "असंल." आणि ताटातली भाकरी दोनदा कुस्करायची.

पण जामूननं राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी घोळ केला. धुरपताबाईंची सून माहेरी निघाली होती आणि ह्यानं तिची नवी कोरी सँडल लांबवली. सँडल शोधता शोधता एसटी निघून गेली. सून रडली, धुरपताबाई कडाडल्या, आणि ज्याचं ज्याचं काही गेलं होतं ते सगळे एकदम बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं जामूनला दोरीनं बांधून मारुतीच्या पारावर जमली. अंगणवाडीच्या राजेश्वरीकाकूंचं सगळे ऐकतात, म्हणून निवाडा त्यांच्याकडं.

"हे बघा," काकू म्हणाल्या, "कुत्र्याला मालक असंल तर त्यानं पट्टा घालायचा, दारात साखळीनं बांधायचं आणि काही गेलं तर भरून द्यायचं. मालक नसंल तर आजच टेम्पोत घालून माकणीच्या धरणापलीकडं सोडायचं. उत्तरेश्वर, टेम्पो तुझ्याकडंच हाय."

धरणापलीकडं! तिथं ह्याला भाकरी कोण टाकणार? आणि मोकाट सोडलेल्याला तिथली कुत्री जगू देतील?

"कुत्रं माझंय!" मी ओरडले.

"कुत्रं माझंय!" त्याच वेळी उत्तरेश्वरही ओरडला.

"बघा, दोघंबी खोटं बोलतेत!" धुरपताबाई म्हणाल्या. "सोडा त्याला. ज्याच्या दारात जाऊन बसंल त्याचं."

मग काय, पुढं जामून आणि मागं सगळी गल्ली. तो डुलत डुलत आमच्या दारात गेला आणि अंग टाकून बसला. मी विजयानं सगळ्यांकडं पाहिलं. तेवढ्यात तो उठला, माझ्या मशीनखालचा पिवळा तुकडा तोंडात धरला आणि निघाला. गल्ली परत मागं. उत्तरेश्वरच्या दारात तुकडा ठेवला, तिथं बसला, जरा वेळानं त्याची बनियन उचलून परत आमच्याकडं! पोरंटोरं हसून लोळायला लागली. धुरपताबाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला.

राजेश्वरीकाकू मात्र दमल्या होत्या. "पुरे आता. साखळी एकाच दारात बांधायची. कुणाच्या, ते आत्ता सांगा, न्हायतर टेम्पो काढा."

आणि मला एकदम कळलं. जामून वाचणार होता. पण एका दारात बांधला, की त्याचं ये-जा करणं बंद. कंगवा बंद, टेप बंद, "आज काय जप्त झालं" बंद. त्याला माझ्या दारात यायला कारणच उरणार नव्हतं… मी उत्तरेश्वरकडं पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता.

"ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या," तो हळूच म्हणाला. "ह्यांच्या हातची भाकरी खातंय ते. माझं काय म्हणणं न्हाय."

म्हणणं नाही? असा संताप आला मला!

"व्वा! मोठे आले दानशूर! आणि मग संध्याकाळी तुम्ही कशाचं निमित्त काढून याल हो?"

मी काय बोलून बसले ते माझ्या कानावर सगळ्यांत शेवटी पडलं. तोंड लपवायला जागा नव्हती, कारण समोरच आण्णा उभे होते.

उत्तरेश्वरनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, मग सरळ आण्णांपुढं जाऊन उभा राहिला.

"आण्णा, मी कुत्र्यासाठी येत नव्हतो. मला हर्षाली आवडतात. लई आवडतात."

आण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडं वळले. "आणि तुझं काय गं?"

"मघाशी सगळ्यांसमोर ओरडले की, आण्णा…"

"ते कुत्र्याचं व्हतं का ह्याचं?"

"ह्यांचं," मी म्हणाले. एवढासाच आवाज फुटला.

आण्णांनी खाकरून घसा साफ केला. "राजेश्वरीबाई, साखळी माझ्या दारात बांधा. काही गेलं तर मी भरीन. आणि तुमी, पाव्हणं, वडलांना घेऊन या, रीतसर बोलू. बांधलेल्या कुत्र्याला संध्याकाळी जरा फिरवून आणावं लागतं. माझे गुडघे दुखतेत. तेवढं काम तुमी करा."

"मी बी जाते संगं," मी घाईनं म्हणाले, "जामून अनोळखी माणसाला ओढतो."

"अनोळखी!" धुरपताबाई फिस्सकन हसल्या, आणि त्यांच्या मागं सगळी गल्ली.

त्या संध्याकाळी आम्ही माकणीच्या रस्त्यानं निघालो. दोन्ही बाजूंना सोयाबीन वाऱ्यावर डोलत होतं, पाऊस नुकताच थांबला होता. साखळी त्याच्या हातात. मी मुद्दाम दोन हात अंतर ठेवून चालत होते.

"रागावलात?" त्यानं विचारलं.

"मग? आण्णांना सांगितलं, काकूंना सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं. मला एकटीला कधी सांगणार?"

तो थांबला. जामून पुढं ओढत होता, तरी तो पाय रोवून उभा राहिला.

"हर्षाली… माझ्यासंगं लगीन करशील?"

उत्तर तर केव्हाचं तयार होतं. पण आधी मी मधलं दोन हात अंतर तोडून त्याच्याजवळ गेले. तो बिचारा घाबरून माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"व्हय," मी म्हणाले. आणि त्याला नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून परत एकदा मोठ्यानं म्हणाले.