सांतोसहून आलेली नक्कल

सन बासष्टच्या उन्हाळ्यात मला जैतापूरला जायचं होतं. माझी झुलेखा पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, ही आमची रीत. आणि तिची सासू म्हणजे नुसतं तोंड, हाताला गुण नाही.

आम्ही कुवेतला, दस्मानमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली मोठी, एक लहान. खिडकीतून समुद्र आणि गलबतं. माझे मालक बंदरात मुकादम, मुलगा रियाज अहमदीला तेल कंपनीत कारकून.

माझा पासपोर्ट इंग्रजांच्या वेळचा, मुदत सरलेली. नव्यासाठी कचेरीनं बापाचा जन्मदाखला मागितला. बाप जन्मला ब्राझीलला, सांतोस बंदरात. आजोबा यूसुफ जहाजावर खलाशी. अकरा वर्षं तिकडे राहिले नि तीन वर्षांचं पोर काखोटीला मारून परतले. पोराची आई कोण, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. गुरुवारच्या फातिह्याला सगळ्या मेलेल्यांची नावं घेत. तिचं कधी घेतलं नाही.

रियाज फॉर्म भरायला बसला. "अम्मा, तुझ्या ग्रँडमदरचं नाव?"

"कुबरा." ही आजोबांची जैतापूरची बायको.

"पण ती तर सावत्र—"

"लिही म्हटलं ना. माझं घराणं मला शिकवू नको."

दीड महिन्यानं सांतोसच्या चर्चमधल्या वहीची नक्कल आली. रियाजच्या हापिसातला कायतान गोव्याचा, त्याला पोर्तुगीज येई. त्यानं आमच्याकडे बसून वाचली. बाप यूसुफ, खलाशी. आई बेनेदिता.

"कुबरा कुठाय?"

"ना, बाय. नाही."

"मग चुकीची आहे. दुसरी मागवा."

मी उर्दू शाळेची दोन बुकं शिकलेली, पण चर्चच्या कागदापुढे मान तुकवणारी नव्हे.

दुसरी आली. तीच वही, तेच पान, तोच शिक्का. खाली दोन ओळी जास्त. कायतान चष्मा पुसून परत वाचू लागला. "आई घरात आहे. घराला एक दार, एक खिडकी. खिडकीतून गलबतं दिसतात."

"जन्माच्या नोंदीत खिडकी लिहितात?"

"लिहीत नाहीत, बाय."

मी तिसरी मागवली.

त्याच सुमारास आमचं दार अडकायला लागलं. दमट हवा, लाकूड फुगलं असेल. सुतारानं रंधा मारला. मालक एका बोटानं उघडत, रियाज खांद्यानं ढकली. मी ओढलं की हलत नसे.

"वय झालं तुझं," मालक म्हणाले.

"दाराचं झालं असेल."

तिसऱ्या नकलेत चार ओळी जास्त होत्या. कायताननं त्या आधी मनात वाचल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "यूसुफनं मुलाला नेलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. आई आत आहे."

"पुढे?"

"आई विचारते, मुलीला कितवा महिना?"

तो सरबताला न शिवता गेला. झुलेखाला सातवा लागला होता.

संध्याकाळी मी रियाजला म्हटलं, "फॉर्मवर बेनेदिता लिही."

"आता कुठे, अम्मा? मी कचेरीत हातापाया पडून फॉर्म पास करून आणला. पासपोर्ट आलाय. तिकीटही काढलंय."

मी ट्रंक भरायला घेतली. जायचं तर होतंच.

निघायच्या दिवशी दुपारी बापलेकांनी ट्रंक बाहेर काढली. दार सताड उघडं. रियाज जिन्यावरून म्हणाला, "चल ना अम्मा, बोट सुटेल."

मी पाऊल उचललं. समोर खिडकी.

वळले. समोर दार, बाहेर जिना. पाऊल उचललं. समोर खिडकी.

खुंटीवर माझा बुरखा नव्हता.

खाली मोटारीचं दार वाजलं. खिडकीतून पाहिलं. रियाज एका बाईला हाताला धरून आत बसवत होता. माझा बुरखा, माझी उंची. मी हाक मारली. तिनं एकटीनं वर पाहिलं.

मालक तिन्हीसांजेला परतले, मला पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले. "मी तुला बोटीत बसवून आलो गं," एवढंच म्हणाले.

जैतापूरला तार केली: आई कुवेतलाच आहे. मग मला बाहेर काढायच्या खटपटीत दिवस गेले. पोलीस आले, एक मुल्ला आले, सुतारानं चौकटच उखडली. सगळे आत येत, बाहेर जात. मी खिडकीशी येई.

काल झुलेखाचं पत्र आलं. रियाजनं उभ्यानंच वाचलं.

"रियाज, ती कसली तार पाठवलीस? अम्मा तर माझ्याजवळ आहे. वेळेवर पोचली. मुलगा झाला. अम्मा बोलत नाही, पण बाळंतपण तिनंच केलं. बाळाला खाली ठेवतच नाही. सासूनं मागितला तर दात दाखवले म्हणे! काल त्याला घेऊन धक्क्यावर गेली होती. लांबची बोट कधी लागते, खुणेनं विचारत होती. तुम्ही काही सांगितलंय का तिला?"

मी कागद हातात घेतला. वरची तारीख बोट ठेवून वाचली.

अठरा दिवसांपूर्वीची.