मुका बांगडा

हर्णैच्या मत्स्यप्रयोगशाळेत डॉ. हेमांगी चोगले टेबलावरचा शिळा बांगडा पुन्हा पुन्हा हुंगत होती. वास कसा, तर नुकता जाळ्यातून काढल्यासारखा! कालपर्यंत याच गोष्टीचा तिला कोण अभिमान होता.

"आपलं मौनद्रव्य चुकलेलं नाही," तिचे वरिष्ठ डॉ. पाध्ये म्हणाले. "जिवाणू रसायनं सोडून एकमेकांना हाका मारतात. पुरेशी गर्दी जमली की सगळे मिळून मासा नासवतात. आपण त्यांचे कान बंद केले. हाक ऐकूच येत नाही, मग नासवणार कोण?"

"आणि हिस्टामीन करणारे जिवाणू, सर? त्यांना कुणाची हाक लागत नाही. ते आपलं विष करतच राहतात. त्याला वास नाही, शिजवूनही ते जात नाही. पूर्वी बाकीचे जिवाणू घाण वास सोडायचे, म्हणून आपण मासा फेकून तरी द्यायचो."



चाचणीला हेमांगीने बंदरावरच्या मासेवाल्या बसवल्या होत्या. कल्ला उचलायचा, हुंगायचं, सांगायचं. तिच्या यमुनामावशीने "ताजा" म्हटलं की हर्णैत पुढे कुणी विचारत नसे. त्या एका शब्दावर मौनद्रव्य बाजारात आलं. आणि आज ते लावलेला बांगडा खाऊन मावशी नि तिची गिऱ्हाइकं लालबुंद चेहऱ्याने धापा टाकत दवाखान्यात!

हेमांगी तिथे पोचली, तशी मावशीने पदर तोंडावर ओढला.

"माझंच नाक म्हातारं झालं गो. लोकांना विष विकलं मी. आता कुठल्या तोंडानं टोपली घेऊन बसू?"

हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझं नाक चांगलं आहे, मावशी. वासच आम्ही बंद केला."

"तुला ठाऊक होतं?"

"शंका होती. वाटलं, सर बोलतील. त्यांना वाटलं, मी बोलेन. जो तो दुसऱ्याची वाट बघत बसला."

एवढे शिकलेले, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप!

मावशीने पदर बाजूला केला. "गावात अजून घरोघरी तोच मासा आहे. बाहेर माणसं बसलीत. मी सांगू, की तू?"

दारात पाध्ये उभे होते. "एकटीनं बोलू नकोस," ते कुजबुजले. "प्रयोगशाळेच्या समितीचे सगळे जमू देत, मग ठरवू."

 हेमांगी त्यांच्या बाजूने बाहेर गेली. बाकावरच्या माणसांसमोर तिची मान वर होईना.

"घरातला मासा खाऊ नका," ती म्हणाली. "मावशीची चूक नाही. माझी आहे."