नकाशात नसलेला राउटर

आमच्या खोलीत एकच नियम आहे: बघायचं, हात लावायचा नाही. संग्रहालयासारखाच. फरक इतकाच, की तिथे लोक तिकीट काढून येतात आणि आम्हाला पगार मिळतो.

काम तसं सोपं. नेटवर्कमध्ये शिरताना माहितीच्या प्रत्येक पाकिटावर एक लेबल चिकटतं. वाटेतला राउटर ते वाचतो, काढतो, पुढचं लावतो आणि पाकीट ढकलतो. आत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. ऑफिसात फायली अशाच फिरतात, फक्त इथे त्या पोचतात. आम्ही फायबरमधला थोडासा उजेड बाजूला काढून पाकिटांची नक्कल बघत बसतो. मूळ पाकिटाला पत्ताही लागत नाही.

त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची तक्रार आली. एका पेशंटच्या छातीवरच्या पट्ट्यातून येणारे ठोके उशिरा पोचत होते. पेशंट म्हणजे माझे बाबा.

घरापासून हॉस्पिटलपर्यंत वाटेत तीन राउटर. लेबल मात्र चारदा बदलत होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कोणीतरी पाकीट घेत होतं, जरा थांबत होतं, आणि नवं लेबल लावून पुढे देत होतं.

शेजारच्या टेबलावर माझी सहकारी बसते, जिला आम्ही दुर्बीण म्हणतो; बिघाड झाला तर हात लावायची मुभा खोलीत तिला एकटीलाच. तिला लांबचं सगळं दिसतं, स्वतःचा पेन तेवढा सापडत नाही.

"हा राउटर नकाशात नाही," मी म्हणालो.

"नकाशा चुकला असेल."

"मीच काढलाय."

"मग असेल कशाला? चुकलाच." तिने बाह्या सरसावल्या. "मी सरळ नवी वाट बांधते आणि ठोके तिकडे वळवते. तू तोवर बघत बस. तेवढंच येतं तुला."

मी त्या अनोळखी राउटरच्या दोन्ही बाजूंची नक्कल काढली. बाहेर पडणाऱ्या पाकिटांत ठोके होते. छान, एका चालीत.

आत जाणाऱ्या पाकिटांत सरळ रेघ होती.

नकलेच्या तारा उलटसुलट लागल्या असतील म्हणून तपासल्या. नव्हत्या. घराजवळच्या टोकाची नक्कल काढली. तिथेही रेघ. पट्टा सुटला तर तो स्वतःच तसं कळवतो. हा कळवत होता की आपण घट्ट आहोत.

घरी फोन लावला.

"आई, बाबा काय करताहेत?"

"काय करणार? माझ्या नावाने बोटं मोडताहेत. भाजीत मीठ नाही म्हणे."

"पट्टा आहे ना छातीवर?"

"आहे की. त्याच्यावरून शर्ट नीट बसत नाही, यावर सकाळीच एक भांडण झालंय. का रे?" मग जरा हळू आवाजात, "हात तेवढे गार लागताहेत त्यांचे. मी पंखा बंद केलाय."

बाबांनी तिच्याकडून फोन घेतला. "कालपासून एकदम बरं आहे बघ. उशीवर कान टेकला की ती धडधड ऐकू यायची ना, ती बंद. काय झोप लागली म्हणून सांगू!"

माझ्या ओठांवर एक विनोद आला होता. तो मी गिळला.

"वाट तयार," दुर्बीण म्हणाली. "वळवू?"

"नको."

"का?"

सांगण्यासारखं कारण असतं तर सांगितलं असतं. "थांब जरा," मी म्हणालो.

"अरे, पापणी लवेपर्यंत होईल. तुझ्याच बाबांचे ठोके आहेत ना? उशीर बरा नाही." तिने बटण दाबलं.

फोनवर बाबा सांगत होते, "आणि तुझी आई म्हणते, माझा रंग उत—"

थांबले.

फोन कट झाला नव्हता. मागे नळ वाहत होता. एक भांडं वाजलं.

"अहो?" आईचा आवाज. "अहो!"

"परत फिरव!" मी ओरडलो.

दुर्बिणीने ठोके जुन्या वाटेला लावले.

"—रलाय. मी म्हटलं, तू तुझा चष्मा बदल," बाबा म्हणाले.

दुर्बीण माझ्या पडद्याकडे बघत होती. एका बाजूला रेघ, दुसऱ्या बाजूला ठोके. मग तिने नवी वाट पुसून टाकली आणि हॉस्पिटलला कळवलं की उशीर किरकोळ आहे, वाट बदलू नये.

"त्यांनी परत विचारलं तर?" मी म्हणालो.

"सांगू, बघतोय म्हणून."

उशीर रोज थोडा वाढतो. मी बघतो.

रविवारी घरी गेलो. बाबा खुर्चीत बसले होते. मी आमचे साहेब कसे चालतात ते करून दाखवलं. आई पोट धरून हसली. बाबा माझ्याकडे प्रेमाने बघत राहिले. मी चहा प्यायलो, बूट घातले, जिना उतरलो, रस्ता ओलांडला.

तेव्हा वर आमच्या खिडकीत बाबा खो खो हसायला लागले.