वायफायच्या यादीतली हाक

"दाब! दाब! आता दाब की!" रत्नदीप ओरडला.

"अरे, दाबतेच आहे!" ऋतिका लॅपटॉपच्या एफ-बाराच्या बटणावर एकामागून एक टिचक्या मारत होती.

"अगं, मोडंल ते!" गौतमीनं डोळ्यांवर हात ठेवले.

पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावायला लागली, आणि तिघांचीही डोकी त्यावर वाकली.

रिहे गावात जयवंतकाकांच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत हा उद्योग चालला होता. रत्नदीप आणि गौतमी ही जयवंतकाकांची मुलं. तो सातवीत, ती पाचवीत. ऋतिका त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू, तीही सातवीतच. जूनमध्ये ती आईबाबांबरोबर जालन्याहून इथं आली होती. बाबा उरवड्याच्या कारखान्यात हिशेब बघायचे, आई हिंजवडीला आयटी कंपनीत. सकाळी गेलेली दोघं अंधार पडल्यावरच घरी यायची. फोनही त्यांच्याबरोबरच जायचे. उरायचा तो बाबांचा म्हातारा लॅपटॉप.

आणि तो तरी कसला! कोपरा चिकटपट्टीनं बांधलेला, पंख्याचा आवाज गिरणीसारखा. सुरू केला की माणसानं अंघोळ करून यावं, तरी ह्याचं चक्र आपलं फिरतंच आहे! चार्जर काढला की बिचारा दहा-पंधरा मिनिटांत मान टाकायचा. त्याच्या जुन्या विंडोजला आता कोणी विचारत नव्हतं. दिवाळीला आलेल्या मामेभावानं, शैलेशदादानं, मात्र ऋतिकाला हा पेन ड्राइव्ह दिला होता. "जुन्या यंत्रांसाठीच बनवलेलं नवीन लिनक्स आहे. आधी बाहेरूनच चालवून बघ. पटलं तर आत टाक. पैसे पडत नाहीत," असं सांगून तो भाऊबीजेआधीच निघून गेला होता.

"पैसे न्हाईत?" रत्नदीपला संशय आला. "मग कायतरी खोट असंलच!"

"खोट कसली? जगभरातली माणसं मिळून बनवतात. एक जण हे करतो, दुसरा ते. आणि मग सगळ्यांना वाटून टाकतात."

"म्हंजी इर्जिक!" गौतमी टुणकन उठली. "आज ह्याच्या वावरात समद्यांनी कापनी करायची, उद्या त्याच्या. मजुरी न्हाई, नुस्तं जेवान!"

"अगदी तेच," ऋतिका हसली. तिला हे शैलेशदादापेक्षा गौतमीकडून जास्त चांगलं कळलं.

तेवढ्यात खालून जयवंतकाकांची हाक आली. "रत्न्याऽ! गौतमेऽ! पेंढ्या कोन उचलनार?"

झालं! भातकापणीचे दिवस. दोघं जिन्यावरून धाडधाड उतरली आणि गच्ची रिकामी झाली.

ऋतिकानं एकटीनंच पुढचं केलं. जुनं सगळं पुसून टाकायचं का, असं लॅपटॉपनं विचारलं तेव्हा तिनं बोट मागे घेतलं. पण फोटो बाबांनी आधीच काढून ठेवले होते. तिनं 'हो' म्हटलं. मग बसून राहिली. खालच्या वावरात माणसं एकमेकांना हसत हाका मारत होती. त्यातली एकही हाक तिच्यासाठी नव्हती.

काम संपलं. तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. पाण्याचा एक घोट घेऊन बाटलीला झाकण लावेपर्यंत पडदा तयार! पंखासुद्धा गप्प!

"झालं! चालू झालं!" ती उभी राहून ओरडली. टाकीवरची साळुंकी उडून गेली. ऐकायला तेवढीच होती.

ऋतिका खाली बसली. आनंद झाला होता, पण तो सांगायचा कुणाला? संध्याकाळी आई दमून येणार, "अरे वा!" म्हणणार आणि कुकर लावणार. तिला फार फार एकटं वाटलं.

काहीतरी करायचं म्हणून तिनं वायफायची यादी उघडली. त्या यादीत नेहमी एकच ओळ असायची, तीही वेडीवाकडी. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच पैशांची चिन्हं. "व्हायरस असेल, हात लावू नकोस," असं बाबा म्हणाले होते. ओळ आजही होती. पण नव्या लिनक्समध्ये ती स्वच्छ मराठीत उमटली होती.

'कोणी आहे का'

ऋतिकानं दचकून आजूबाजूला पाहिलं. खाली उतारावर फार्महाऊसांची लाल कौलं. शनिवार-रविवार गाड्या येतात, एरवी चिटपाखरू नाही. आणि तरीही त्यातलं कोणीतरी विचारत होतं!

म्हणजे ती वेडीवाकडी ओळ व्हायरस नव्हतीच. जुन्या विंडोजला मराठी नाव वाचता येत नव्हतं, एवढंच. किती दिवस हा प्रश्न तिथं असेल?

उत्तर कसं द्यायचं? नेटवर्कच्या पानावर शोधता शोधता तिला एक बटण सापडलं. लॅपटॉपलाच हॉटस्पॉट करता येत होता, आणि नाव आपण ठेवायचं होतं. तिनं नाव दिलं, 'मी आहे'.

पण हॉटस्पॉट चालू असताना यादी दिसेना! एकतर बोलायचं, नाहीतर ऐकायचं. तिनं मनात शंभर अंक मोजले, हॉटस्पॉट बंद केला आणि यादी उघडली.

'कोण तू'

"आई गं!" ऋतिका किंचाळलीच.

तिनं लिहिलं, 'ऋतिका'. पुन्हा अंक मोजले.

'मी उषा आजी'

मग थोड्या वेळानं, तिनं काही विचारायच्या आतच,

'पडले आहे'

आणि पाठोपाठ, 'गेट बंद'.

ऋतिकानं ओळ पुन्हा वाचली. तिनं घाईघाईनं 'येते' असं नाव दिलं, ते आजींना दिसेल इतका वेळ जीव मुठीत धरून थांबली, आणि चार्जर काढून, लॅपटॉप छातीशी धरून वावराकडे धावत सुटली.

"उषाआजी? त्या लाल कौलाच्या?" रत्नदीपनं पेंढी तिथंच टाकली. "पुन्याच्या हायेत. गनपतीपास्नं हितं राहत्यात. राखनदार इठ्ठलराव बघत्यात त्यांचं समदं."

"मग फोन का नाही करत?"

"खाली रेंज कुटं हाय? वायफायवरच बोलत्यात समदी," रत्नदीप बोलता बोलता थांबला. "आरं तिच्या! परवा उंच भरलेली ट्रॉली गेली ना त्या रस्त्यानं, तवा वरची वायर तुटली! इंटरनेटच बंद पडलं आसनार!"

"पण वायफाय घरातल्या घरात चालूच राहतं," ऋतिका म्हणाली. "नाव बदलायला इंटरनेट लागत नाही. तेवढंच त्यांच्या हातात होतं!"

"आप्पा, आमी आलोच!" असं ओरडून रत्नदीप धावला. "आता कुटं?" असं जयवंतकाका विचारेपर्यंत तिघं बांध ओलांडूनही गेली होती.

फार्महाऊसच्या लोखंडी गेटला बाहेरून हे भलंमोठं कुलूप! कापणी झाली की गुरं मोकळी सोडतात, ती बागेत शिरू नयेत म्हणून इथं सगळेच बाहेरून कुलूप लावायचे.

"आजीऽ! उषाआजीऽ!" तिघांनी गळा फाडून हाका मारल्या. घर बागेच्या पार टोकाला. उत्तर आलं नाही.

तेवढ्यात मोटरसायकल फटफटत आली. मिशीवाले विठ्ठलराव! बहिणीकडची भाऊबीज करून परत येत होते. कपाळावर ओवाळल्याचं कुंकू, हँडलला फराळाची पिशवी.

"काय रं पोरांनो? परत पेरू व्हय?"

"इठ्ठलकाका, गेट उघडा! आजी आत पडल्यात!" गौतमी म्हणाली.

"कोन आजी? बाई न्हाईत आत. मनीषसाहेब काल पुन्याला घिऊन गेल्यात त्यांना. म्हनून तर मी काल सकाळीच कुलूप लावून उरवड्याला गेल्तो, साहेबांकडं दुसरी चावी हाय. चला, पळा हितनं!"

"पण त्यांनी स्वतः सांगितलंय," ऋतिकानं लॅपटॉप उघडला. "हे बघा, वायफायच्या यादीत!"

"मला श्यानपन शिकवू नगंस! पेरू खायाला कंप्युटर घिऊन आलीय!"

रत्नदीपनं गौतमीकडे पाहून डोळा बारीक केला आणि मोठ्यानं भांडण काढलं. "ओ काका, मागल्या खेपंला पेरू आमी न्हवते काडले! वांदरांनी खाल्ले!"

"वांदरं? वांदरं पिशवी घिऊन येत्यात व्हय रं?"

"तुमी बघितलं का? सांगा की, बघितलं का?"

विठ्ठलराव तावातावानं मोटरसायकलवरून उतरले. ते भांडण इतकं रंगलं, की कुंपणाच्या भिंतीखालच्या पाण्याच्या मोरीतून बारकी गौतमी कधी सरपटत आत गेली, ते त्यांना कळलंही नाही.

ऋतिकाची नजर पडद्यावर होती. बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. यादीत नाव बदललं.

'पाणी द्या'

आणि पडदा काळा झाला.

"काका!" ऋतिका एवढ्या मोठ्यानं ओरडली, की भांडणारे दोघंही थांबले. "तुमच्या फोनमध्ये बघा! वायफायची यादी उघडा! पेरूचं नंतर काय ते बोला, हवं तर मला मारा, पण एकदा बघा!"

तिचे डोळे भरून आलेले पाहून विठ्ठलराव वरमले. फोन काढून त्यांनी यादी उघडली आणि ओठ हलवत वाचलं. "पा-णी द्या... हे कोनाचं नाव?"

त्याच क्षणी आतून गौतमीचा आवाज आला. "दादाऽ! आजी हायेत! न्हानीच्या दारात पडल्यात! लई कन्हत्यात!"

विठ्ठलरावांचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांच्या हातची चावी काही कुलपात जाईना. शेवटी रत्नदीपनंच कुलूप उघडलं.

उषाआजी फरशीवर भिंतीला टेकून होत्या. एका हातात फोन घट्ट धरलेला. ऋतिकानं पाण्याचा पेला तोंडाला लावला तेव्हा त्यांनी आधी तिचं मनगट पकडलं आणि मग त्या पाणी प्यायल्या.

"तूच का ती?" त्यांनी विचारलं.

"हो आजी."

पुढचं भराभर झालं. रत्नदीप वावरातून जयवंतकाकांना घेऊन आला. टेम्पोत गादी टाकून आजींना पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याहून आजींचे चिरंजीव मनीषकाका धावतच आले.

"विठ्ठलराव! मला आईला न्यायला यायला जमत नाही, तुम्ही तिच्याजवळच थांबा, असा मेसेज मी टाकला होता! तुम्ही अंगठाही पाठवलात!"

विठ्ठलराव खाली मान घालून उभे होते. "साहेब, मी समद्यांनाच अंगठा पाठवतो. दिवाळीचे लई मेसेज आल्ते. वाचायचं ऱ्हायलं."

मनीषकाकांना चिडायचं होतं, पण जमेना. त्यांनी तरी अंगठ्यावर विसंबून विठ्ठलरावांना एक फोन कुठं केला होता? आईचा फोन लागत नाही हे कळूनही, "रेंज नसेल," म्हणून ते मेव्हण्याकडे भाऊबीजेला जाऊन बसले होते.

"आई, आता तुला इथं ठेवणार नाही. पुण्यालाच चल."

"पुण्याला तू घरी असतोस का रे?" आजींनी हळूच विचारलं. मनीषकाका त्यांची चादर नीट करत राहिले.

संध्याकाळी गावातले वडीलधारे अण्णासाहेब आले, पाठोपाठ ऋतिकाचे आईबाबा आले, आणि कौतुकाला नुसता ऊत आला. "टेम्पो येईपर्यंत पोरांनी डोकं शांत ठेवलं!" "मोरीतनं गेली हो एवढीशी पोर!" अण्णासाहेबांनी तर छोटंसं भाषणच ठोकलं. बाबांनी ऋतिकाच्या पाठीवर थाप मारली. "उद्याच नवीन लॅपटॉप घेऊ!"

"नको बाबा," ऋतिका म्हणाली. "हा चांगला चालतो."

"पण आजी, वायफायचं नाव बदलायचं तुम्हाला सुचलं कसं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"पुण्यात आमच्या सोसायटीत पार्किंगची भांडणं अशी वायफायच्या नावांतूनच चालायची. मी एकाला चांगला नमवला होता!" सगळे हसले. आजी मात्र हसता हसता थांबल्या. "इथं आल्यावर भांडायलाही कोणी नव्हतं. म्हणून मग सहज विचारत बसायचे. तेव्हा काही पडले नव्हते मी. कधी 'चहाला या' लिहायचे, कधी 'कोणी आहे का'. उत्तराची आशाच सोडली होती."

खोलीतली माणसं हळूहळू पांगली. रत्नदीप आणि गौतमी विठ्ठलरावांच्या पिशवीतले अनारसे संपवायला बाहेर गेली. ऋतिका कॉटजवळ उभी राहिली. आजींनी तिचा हात हातात घेतला.

"त्या गच्चीवर तू रोज दुपारी एकटीच असतेस का गं?"

आज सगळ्यांनी तिला सगळं विचारलं होतं. लिनक्स काय असतं, हॉटस्पॉट कसा केला, भीती वाटली का. हे कोणीच विचारलं नव्हतं. ऋतिकानं 'हो' अशी मान हलवली. जूनपासून आवरून धरलेलं रडू एकदम बाहेर आलं आणि ती आजींच्या चादरीत तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली.

दारात तिची आई उभी होती. निघायचं म्हणून खांद्याला लावलेली ऑफिसची पिशवी तिनं काढून खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि ऋतिकाच्या शेजारी बसली.