उजव्या हातावरचा गूळ

विश्वास ठेवा, नका ठेवू. ही गोष्ट खरी आहे आणि माझ्या सख्ख्या आजोबांसोबत घडली आहे. नुकतंच जेवण झालं असेल तर थोडं थांबून वाचा.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नाही. साल १९३४, दसऱ्याला चार दिवस बाकी, आपल्या वाशीमकडचं इंझोरी, आणि टळटळीत दुपार.

आजोबा वाशीमजवळच्याच मालेगावचे. नाव रहमतुल्ला, धंदा चाबूकस्वाराचा, म्हणजे कोऱ्या घोड्याला स्वारीसाठी तयार करायचं. धंद्याच्या नावात चाबूक होता, पण हातात कधीच नव्हता. त्यांचं सामान म्हणजे सुताचा मऊ लांब दोर, तोंडात लोखंड न घालता बांधायची चामड्याची मोहरकी आणि गुळाचा खडा. बस्स.

इंझोरीचे जमीनदार दौलतराव यांनी त्यांना एक शिंगरू शिकवायला बोलावलं होतं. तबेल्यामागे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण घातलेलं गोल रिंगण होतं. आत नाल्याची रेती पसरलेली.

आजोबांची रीत ठरलेली होती. घोडा रिंगणात मोकळा सोडायचा. आपण मधोमध त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. हात मागे, तळव्यावर गूळ. घोडा आपणहून येऊन चाटेपर्यंत मागे वळायचं नाही. वळलात की त्याचा विश्वास गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दौलतरावांना याचं हसू यायचं.

"कायले लाड करून राह्यला, रहमतभाई? मले दसऱ्याले याच्यावर बसून सोनं लुटाले जाचं हाये. नाही जमलं त हे घालतो तोंडात."

'हे' म्हणजे खुंटीवरचा काटेरी लगाम. त्याच्या लोखंडी काट्यांत काळं, वाळलेलं काहीतरी अडकलं होतं. त्यावर माशा बसायच्या. असली वस्तू हा माणूस सणाच्या तोंडावर खुंटीला टांगून ठेवतो, याची आजोबांना किळस आली.

"आठ रोज द्या मले, मालक," ते म्हणाले. "त्याचं तोंड नका फाडू."

त्यातले चार दिवस गेले. पाचव्या दुपारी आजोबा पाठ करून उभे होते. रेतीत टापा वाजल्या. जवळ आल्या. थांबल्या.

आणि... माशांची भुणभुण बंद झाली.

मग वास आला. कुंपणापलीकडे कुत्रं मेलं असेल, असं त्यांना वाटलं.

हाताला श्वास लागला... गार.

घोड्याचा श्वास गरम असतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी ते वळले नाहीत. चार दिवसांची मेहनत पाण्यात गेली असती.

"आ बेटा," ते हळूच म्हणाले.

जीभ लागली. पण एक नाही... दोन.

मधोमध चिरलेली जीभ होती ती. तिच्या दोन फाकी गुळाच्या दोन बाजूंनी फिरत होत्या. घट्ट, चिकट लाळ बोटांमधून गळत होती. मनगटावर काहीतरी वळवळलं.

आजोबांनी मान वर केली.

शिंगरू समोर होतं. कुंपणाला अंग चिकटवून, कान मागे टाकून थरथरत होतं. ते आजोबांच्या पाठीमागे बघत होतं.

आजोबा वळले. मागे कोणी नव्हतं. तळवा मात्र रक्ताने आणि पुवाने माखला होता, त्यात पांढरे किडे होते. ते तिथेच ओकले.

घोड्यांची निगा राखणारा म्हातारा सोमला धावत आला आणि वासानेच थबकला.

"चाचा, हे मैना घोडी," तो म्हणाला. "मागच्या साली मालकानं तोच लगाम घातला तिले. जीभ फाटली, किडे पडले. चारा गिळता ये नाही. मी गूळ चाटवत होतो, त मालकानं तेबी बंद केलं. इथंच उपाशी मेली बिचारी."

आजोबांनी हाताला राख लावली, चुना लावला, निंबाचा पाला चोळला. वास गेला नाही. त्या हाताने घास उचलवेना. शेवटी सोमलाच भाकर मोडून त्यांना भरवू लागला.

"निघून जा, चाचा," तो म्हणायचा.

पण आजोबा गेले असते तर ते काटे शिंगराच्या तोंडात गेले असते. मी असतो तर खरं सांगतो, पळालो असतो. आजोबा दुसऱ्या दुपारी पुन्हा पाठ करून उभे राहिले. या वेळी दोन्ही तळव्यांवर गूळ होता. डावा शिंगरासाठी.

उजवा... तिच्यासाठी.

रोज दोन्ही हात चाटले गेले.

दसऱ्याला शिंगराने साधा, गुळगुळीत लगाम आपणहून तोंडात घेतला. दौलतराव गावभर मिरवून, सोनं लुटून परत आले. अजून ऊन होतं. स्वारी खुशीत होती. त्यांनी शिंगराचा दोर आजोबांच्या हातात दिला.

"थांब, आता मीच चारतो त्याले. तुह्याच रीतीनं. सोड त्याले आत."

ते रिंगणात गेले. पाठ करून उभे राहिले, उजवा हात मागे.

आजोबांनी तेव्हा बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. त्यांनी दोरही सोडला नाही. सोमलाही गप्प राहिला.

"आला बघ," दौलतराव आतून हसत म्हणाले. "चाटून राह्यला."

शिंगरू फाटकाबाहेर होतं, आजोबांच्या शेजारी.

पुढे काय झालं ते आजोबांनी कुणालाच सांगितलं नाही. मी खूप मागे लागलो, तेव्हा एवढंच म्हणाले, "मी फाटक लावून घेतलं, बेटा."

ऐकून मला बरं वाटलं होतं. आजही वाटतं... आणि मग माझीच मला किळस येते.